सातव्या ओळीतली अंगठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी मान अजूनही खाली जात नाही.

माझा धंदा मोडीचा. वाशीमला स्टेशन रस्त्यावर दुकान. सुरुवात केली ती डोक्यावर टोपलं घेऊन, गावोगाव फुटकी भांडी आणि मोडके फाळ गोळा करत. शाळा चौथीपर्यंत. जे मिळवलं ते जिभेवर मिळवलं. सांगितलेल्या भावाला वस्तू घेणं मला अपमान वाटायचा. आणि अमक्यानं तुला फसवलं असं कुणी म्हटलं, तर माझा हात उठायचा. हे आधी सांगतो. सबब म्हणून नाही—पुढचं कळावं म्हणून.

आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष असेल. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात जुनं लोखंड पुरलेलं असतं. ते शोधायचं मशीन मिळतं असं कानावर आलं. मुंबईला गेलो. जहाजावरून उतरलेला माल विकणारा एक म्हातारा दुकानदार गाठला. त्याच्याकडे अशी दोन मशीनं होती. एक जड आणि महाग, दुसरं हलकं आणि स्वस्त. त्यानं घमेल्यातल्या वाळूत चांदीचं नाणं दडवलं आणि स्वस्त मशीन वरून फिरवलं. कानाला लावलेल्या भोंग्यात स्वच्छ शीळ वाजली. मला तेवढं पुरे होतं. मग मी तोंड वाकडं केलं, मालात खोडी काढल्या, दोनदा पायरी उतरून गेलो—बैलबाजारात करतात ते सगळं केलं.

तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्याकडे जमीन कशी आहे?"

साधा प्रश्न. पण मला काय वाटलं? महागडं गळ्यात मारायची युक्ती. म्हटलं, "जमिनीचं मी पायतो, तू भाव बोल."

"काळी असेल तर हे नेऊ नका. हे समुद्राच्या वाळूतलं आहे. काळ्या मातीत वेडं होतं."

मी हसलो. अर्ध्या भावात मशीन घेऊन परत आलो आणि महिनाभर तीच फुशारकी मारली. नशीब असं, की पहिल्याच जिनिंगमध्ये विटांच्या चुऱ्याखाली मोठं लोखंडी चाक सापडलं. लोक मला मशीनवाले शेठ म्हणू लागले.

आणि मग देवकाबाई.

इंझोरीच्या अलीकडचं एक गाव. तिथल्या पाटलाच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. पाटलाची नवी सून वेचणी बघायला आली आणि घरी गेली तेव्हा गळ्यात सोन्याची पोत नव्हती. शेजारच्या ओळीत देवकाबाई होती—बौद्धवाड्यातली, चाळिशीची, मजुरीवर घर चालवणारी. झडती झाली, काही निघालं नाही. तरी बोट तिच्याकडेच. का? ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं.

मशीन आणा, हे पाटील म्हणाला नाही. ती म्हणाली. मी पोचलो तेव्हा ती सगळ्यांपुढे उभी होती. "फिरवा दादा," ती म्हणाली. "मानसं आडनाव पायतात. मशीन थोडीच आडनाव इचारते."

काळी जमीन. भेगा पडलेली. मशीन जमिनीजवळ नेलं आणि ते जे ओरडायला लागलं—जिथं न्यावं तिथं. भोंगा माझ्या कानाला, म्हणून बरं. बाहेर कुणाला ऐकू येत नव्हतं. मी मशीनचा जोर कमी करायचं बटण मागे फिरवलं. फिरवत गेलो. शेवटी ते गप्प झालं.

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "काहो शेठ, बोलून राह्यली का मुकी हाये?" सगळे हसले. माझं डोकं तडकलं. आणि भीतीही वाटली—खरंच मुकं असेल तर? वायर नीट करतोय असं दाखवत मी बोटातली अंगठी काढली, खाली सोडली, पायानं वर माती सारली. बांधावरच्या बाभळीपासून सातवी ओळ. मशीन वरून फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. काहीच नाही. बोटभर मातीखाली माझं स्वतःचं सोनं होतं आणि मशीन मुकं होतं.

तेव्हा मला कळलं. काळ्या मातीत हे एकतर ओरडणार, नाहीतर मुकं राहणार; म्हातारा खरं बोलला होता.

वाकून अंगठी उचलली असती तर लोक धावत आले असते. पोत नाही, शेठची अंगठी—आणि मशीन त्यावर बोललं नाही, हे सगळ्यांना दिसलं असतं. मुंबईच्या म्हाताऱ्यानं सांगूनही मी खोटा माल आणला, हे दिसलं असतं. मग पोत अजून मातीतच असू शकते, म्हणून देवकाबाई सुटली असती. एवढंच करायचं होतं—वाकायचं.

मी वाकलो नाही. मुकं मशीन घेऊन उरलेल्या सगळ्या ओळी फिरलो, सावकाश, दुपार होईपर्यंत. मग बांधावर येऊन म्हणालो, "या वावरात पोत नाही. असती तर मशीन बोललं असतं."

देवकाबाई बांध उतरून एकटीच घराकडे निघाली.

गावात तिला मजुरी मिळेना. नळावर बाया भांडं मागे घ्यायच्या. चोट्टी म्हणायच्या. उन्हाळ्यात ती पायी वाशीमला आली, दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. "दादा, एक डाव अजून फिरवा."

मी खेकसलो. "काहून? मशीनीवर भरोसा नाही काय?"

"हाये न," ती म्हणाली. "म्हनूनच त आली."

मी तिला हाकलून दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं ती शिरपूरकडे भावाच्या आसऱ्याला गेली आणि तिथंच वारली, असं ऐकलं.

त्या म्हाताऱ्यानं मला बुडवलं, असा राग मी इतकी वर्षं मनात पाळला. कुणाजवळ बोलू शकलो नाही. बोललो असतो तर वावरातली गोष्ट बाहेर आली असती. पण त्यानं कुठं बुडवलं? त्यानं तर विचारलं होतं. पोत कधीच सापडली नाही. कदाचित तिनंच घेतली असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण त्या दिवशी खोटं कोण बोललं, हे त्यामुळे बदलत नाही.

अंगठी कुठं गेली, असं बायकोनं विचारलं होतं. विहिरीत पडली म्हणालो.

त्या वावराजवळून आजही एसटी जाते. बाभळ तोडली, पण बुंधा आहे. सातवी ओळ मला डोळे मिटून दाखवता येईल. मी एकदाही उतरलो नाही.