मला की मले

मी यवतमाळात संगीत नाटकं बसवते. तालमीत कुणाच्या तोंडून आपलं वऱ्हाडी 'मले' निघालं की मी पेटी थांबवते आणि 'मला' म्हणायला लावते. माझं नाव झालं ते या शुद्ध बोलण्यावरच.

माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आता नेरला नाटकं बसवते. परवा नवऱ्यासोबत तिचा प्रयोग पाहायला गेले. खोटं कशाला बोलू, चुका काढायलाच गेले होते. नायिकेनं पहिलंच पद 'मले' म्हणत सुरू केलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पद संपताच मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर." मग सगळा मंडपच ओरडायला लागला. माझ्या पदांना लोक टाळ्या देतात, पण वन्स मोअर आजवर एकदाही दिलेला नाही.

पडदा पडल्यावर ती पाया पडायला आली.

"मॅडम, कसं वाटलं?"

"उच्चारांवर मेहनत घे," मी म्हटलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "पोट्टीनं मस्त बसवलं नाटक."

"मले नाही आवडलं," मी फाडकन बोलले.

रस्त्यावरची नजर न हलवता तो हळूच म्हणाला, "वन्स मोअर."