घोगरा आवाज

मी एका निर्दोष माणसाला त्याच्याच दुकानात चोर म्हणालो. परभणीत स्टेशनजवळ तो जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करतो. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायला तोंड राहिलं नाही.

माझ्या वारलेल्या दादाचा गेम मी त्याच्याकडे दिला होता. घ्यायला गेलो तेव्हा त्याने गेमच्या कॅसेटची तळाची तांब्याची पट्टी खोडरबरने पुसली, गेम लावला आणि टीव्हीला कान टेकवला. गेमच्या सुरुवातीला एका माणसाचा आवाज ‘गेट रेडी’ म्हणतो. लहानपणी खणखणीत वाटणारा तो आवाज आता घशात वाळू भरल्यासारखा आला.

“आतली चिप बदलली तुम्ही. चोर आहात!” मी ओरडलो.

“साहेब, आवाज पैल्यापासून असाच हाय. तवा कॅसेटीत जागाच लय कमी. मानसाचा आवाज कापून कापून बसवलाय त्यात.”

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी आपलं सामान परत घेतलं. तो खाली मान घालून खोडरबरचा चुरा फुंकत राहिला.

घरी ताईने गेम ऐकला. “अरे, हा असाच घोगरा बोलायचा. खणखणीत आवाज दादाचा. गेमच्या जोडीनं तोच ‘गेट रेडी’ ओरडायचा ना!”

आठ दिवस दुकानाकडे माझा पाय उचलला नाही. शेवटी गेलो, चूक कबूल केली, तर तो म्हणाला, “चोर म्हनलात तवा लोक होते. आता मला एकट्याला सांगून काय उपेग?”

शेजारच्या चहाच्या टपरीवर गर्दी होती. तिथे उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, “या दुकानदाराला मी चोर म्हणालो, ते खोटं होतं.” मग दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे वळून हात जोडले. “चूक माझी होती. मला माफ करा.”