सुरातले सासरे

माझ्या सासऱ्यांइतका सुरात जगणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांना माझी मनापासून सहानुभूती आहे. त्यांनी मला सून म्हणून पसंत केलं, असं लोक समजतात. खरं म्हणजे कोपरगावजवळच्या आमच्या कॅथलिक चर्चच्या कॉयरला, म्हणजे गाणाऱ्या मंडळींना, बायकांचा दुसरा आवाज नव्हता, तो त्यांनी सावेडीहून लग्न लावून आणला. पाहायला आले तेव्हा शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, काही विचारलं नाही. पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी वरचा सूर धरतो, तू खालचा धर बरं." मी धरला, कडवं संपेपर्यंत सोडला नाही आणि तेवढ्यावर लग्न ठरलं. नवरामुलगा कोपऱ्यात बसला होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

पप्पा (आम्ही सगळे त्यांना पप्पाच म्हणतो) साखर कारखान्यात फिटर होते आणि दर रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवत. पायपेटी म्हणजे जुन्या काळी कुणा गोऱ्या फादरांनी आणलेला ऑर्गन. खालच्या दोन पट्ट्या पायांनी आळीपाळीने दाबून भाता भरायचा आणि वर हातांनी वाजवायचं. भात्याचं चामडं उंदरांना फार प्रिय, त्यामुळे पप्पांच्या खिशात कायम डांबरगोळ्या. एकदा मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरांना खोकल्याची उबळ आली, तर यांनी तत्परतेने खिशातली गोळी पुढे केली. फादरांनी आधी वास घेतला म्हणून निभावलं. घरातल्या प्रत्येक वस्तूचा सूर त्यांना पाठ. मिक्सर पांढरी चारमध्ये, पाण्याची मोटर काळी एकमध्ये. "सूनबाई, कुकरची शिट्टी उतरलीया, रबर बघ," असं ते अंगणातून ओरडत, आणि रबर खरंच गेलेलं असे.

त्यांची खरी कमाल दिसते ती उसाच्या हंगामात. चर्चसमोरून ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात, प्रत्येकावर कपाटाएवढे स्पीकर आणि गाणी अशी की फादरांनी वेदीवरून आढ्याकडे बघत राहावं. दुसरा कुणी भांडायला रस्त्यावर धावला असता. पप्पा नुसता एक कान रस्त्याकडे कलता करतात आणि पुढच्या कडव्याआधी बोटं अशी काही फिरवतात की आमचं स्तुतिगीत अलगद ट्रॅक्टरच्या पट्टीत जाऊन बसतं. बाहेर लावणी, आत देवाची स्तुती, पण बेसूर म्हणून काही नाही! मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भांडून काय व्हनार हाय? त्यो काय थांबनार न्हाई. मग आपनच त्याचा सूर धरायचा."

हा मोठेपणा जगातल्या समस्त ट्रॅक्टरांना लागू होता, फक्त सासूबाईंना नव्हता. सासूबाई गातात फार जीव लावून आणि जीव लावून खालच्या सुरात. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात पप्पांनी त्यांना कॉयरमधून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं आणि तिथेच त्यांची वर्षं गेली. कॉयरचे पांढरे झगे सगळे त्यांनी आपल्या पायमशीनवर शिवलेले. माझाही त्यांनीच शिवला. स्वतःला तेवढा नाही. घरी पप्पा नवं गाणं बसवायला लागले की सासूबाई नेमक्या त्याच वेळी मशीन मारायला घेत. ती खडखड ऐकून मला हसू यायचं आणि थोडं वाईटही वाटायचं.

गेल्या वर्षी पप्पांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी पायपेटी बंद म्हणून सांगितलं. फादरांनी बिचाऱ्यांनी विजेवरचा कीबोर्ड आणवला. पप्पांनी त्यावर एक बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "ह्याला दमच लागत न्हाई. दम न लागता कुनी देवाचं गानं म्हनतं व्हय?" त्यानंतर ते घरात गप्प बसून राहू लागले. शिट्टी उतरली, मोटर किंचाळली, तरी ब्र काढेनात. मला भीतीच वाटायला लागली.

नाताळच्या सकाळी पप्पा सवयीने पेटीपाशी बसले होते, झाकण बंद ठेवून. मिस्सा सुरू व्हायच्या आधी सासूबाई शेवटच्या बाकावरून उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "सरका जरा. जल्मभर मशीन मारलीया म्या. हात तुमचं, पाय माझं." आणि झाकण त्यांनीच उघडलं. काय सांगू, त्या पायांना थकणं माहीतच नव्हतं! पेटी इतकी भरून कधी वाजली नसेल.

तिसऱ्या कडव्याला सासूबाई स्वतःला विसरल्या आणि गाऊ लागल्या, आमच्याहून अर्धा सूर खाली. आम्ही सगळ्यांनी धसकून पप्पांकडे पाहिलं. त्यांचे हात थांबले. आता उठवतात, असंच वाटलं. पण पप्पांनी एक कान त्यांच्याकडे कलता केला, दोन-चार स्वर फिरवले आणि पांढरी दोनचं गाणं काळी एकवर उतरवलं. आम्ही सगळे मुकाट्याने खाली उतरलो. रस्त्यावर त्या वेळी एकही ट्रॅक्टर नव्हता.

आता दर रविवारी दोघं त्या अरुंद बाकावर चेपून बसतात आणि वेगावरून कुजबुजत भांडतात. हल्ली पप्पांची बोटंही मधूनच अडखळतात. हे असं किती दिवस चालेल, हा विचार मनात आला की मी घाईने दुसरं काहीतरी काम काढते. परवा पप्पा कोपरगावहून झग्याचं पांढरं कापड घेऊन आले, ते मशीनवर ठेवलं आणि अंगणात निघून गेले. माप कोणाचं, हे सासूबाईंनी विचारलं नाही.