आसगावचा तलाव आणि मागच्या दारावरची स्टेपनी

गाडीच्या मागच्या दारावर स्टेपनीचा स्टँड बसवायचा विचार करत असाल, तर ही पोस्ट वाचाच. पवनी-आसगावकडे जायचं असेल तरी वाचा. रस्ता कसा आहे, नाश्ता कुठे करायचा, सगळं सांगतो. मजेच्या सहलीची अपेक्षा मात्र ठेवू नका.

आम्ही आसगावचे ढिवर, पिढीजात मासेमार. मी नागपुरात नोकरी करतो आणि मासा बाजारातून आणतो, पण शालिककाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अजून गावच्या तलावावरच आहेत. उन्हाळा लागता लागता तलावात मोठं जाळं पडतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने काठावर बसून ओंजळभर पाणी जाळ्यावर टाकायचं, मगच जाळं आत जाणार, ही आमच्या घरची रीत. आजोबा गेल्यापासून हा मान बाबांचा. गेल्या वर्षी उन्हाळ्याआधीच त्यांना लकवा मारला आणि ते चाकाच्या खुर्चीवर आले. तरी काका फोनवर म्हणाले, "दादा येईस्तोर जाळं सुकंच ठेवतो." त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी मला विचारायचे, "कवा निंघाचं?"

अडचण गाडीची होती. माझी जुनी, जीपच्या थाटाची गाडी आधी कुठल्याशा दुकानदाराकडे होती. त्याने मधल्या सीटमागे लोखंडी जाळी वेल्ड करून मागे माल ठेवायची सोय केली होती, आणि दारावरचा स्टँड काढून स्टेपनीही आतच टाकली होती. स्टेपनी आत असली की खुर्ची मावेना. म्हणून मी ऑनलाइन स्टँड मागवला. साडेतीन हजार. व्हिडिओत एका माणसाने तो चहा पिता पिता बसवला होता.

गल्लीतल्या मिस्त्रींनी दाराचा पत्रा बोटाने दाबून दाखवला. "भाऊ, पत्र्याच्या भरोशावर नोका लावू. अंदरून जाड प्लेट पाह्यजे. परवा या, लावून देतो."

परवा जाळं पडणार होतं. मी भोकं पाडली, चार बोल्ट आवळले, स्टेपनी टांगली आणि बायकोला फोटो पाठवला. इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

पहाटेच निघालो. बाबा पुढच्या सीटवर, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. उमरेडपर्यंत रस्ता चांगला आहे. तिथे तर्री पोहे खा, पण तर्री जपून. बाबांनी दोन घास खाल्ले आणि घाई लावली. भिवापूरच्या पुढे गतिरोधकांवर मागून खट खट ऐकू यायला लागलं. उतरून पाहिलं तर स्टँड ढिला झालेला. मी पाना काढला आणि जीव खाऊन बोल्ट आवळले. आवाज बंद झाला. पत्रा जरा आत गेल्यासारखा वाटला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. सगळी चूक इथे आहे, मित्रांनो. या एका मिनिटात.

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गाडी जाते. खाली काठापर्यंत उतार आहे, आणि त्या उतारावर काकांनी खुर्चीसाठी मुरूम टाकून, चोपून वाट करून ठेवली होती. खाली वीस-पंचवीस माणसं कोरडं जाळं धरून उभी होती.

मी मागे जाऊन हँडल ओढलं. दार हललं नाही. आवळताना आत गेलेल्या पत्र्याने कुलपाची सळई दाबून धरली होती. बोल्ट ढिले केले, स्टेपनी उतरवली, लाथा घातल्या. खुर्ची आत, आणि समोरून जावं तर मध्ये ती जाळी. शेवटी कोणीतरी सब्बल, म्हणजे पहार, आणायला गावात धावलं.

"काहून वेळ लागून राहिला?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

काका म्हणाले, "दादा, खाटेवर नेतो ना आम्ही. चौघं जण उचलतो."

"मी जिता आहो, शालिक. खाटेवर पानी द्याले नाई जाणार."

"मंग माह्या पाठीवर बस."

"साऱ्या गावासमोर?"

ऊन चढायला लागलं होतं. बर्फ घेऊन आलेला गाडीवाला सारखा हॉर्न वाजवत होता. मासा उन्हात टिकत नाही, हे बाबांना सांगायची गरज नव्हती. काका खाली गेले आणि बादलीत तलावाचं पाणी घेऊन आले. जाळ्याचं एक टोकही त्यांनी ओढत वर, खिडकीपर्यंत आणलं. बाबांनी चांगला हात बाहेर काढला, बादलीकडे पाहिलं आणि हात परत आत घेतला.

"बालटीतलं पानी तं नागपुरातबी हाये," ते म्हणाले. "तू टाक, शालिक. आता तूच."

काकांनी जाळ्याचं टोक परत उचललं. मग खाली गेले, काठावर बसले आणि ओंजळ भरली. जाळं पाण्यात गेलं. बाबा समोरच्या काचेतून बघत होते. मी मेलेला बरा, असं मला वाटत होतं, आणि आजही वाटतं.

सब्बल आल्यावर दार उघडलं. खुर्ची निघाली, पण बाबा खाली उतरले नाहीत. काकूंनी गाडीतच जेवण दिलं. ताज्या माशाचा रस्सा आणि भात. नागपुरातून एवढ्यासाठी जावं असा रस्सा होता. मी मात्र ताट तसंच परत दिलं.

परतीच्या वाटेवर स्टेपनी मागे खुर्चीच्या उरावर पडून होती आणि दार दोरीने बांधलेलं.

दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींनी दार सरळ करून आतून प्लेट लावली. दीड तासाचं काम. आता स्टँडवर लटकलात तरी हलणार नाही. तुम्हीही प्लेट आधी लावा, एवढंच सांगायचं आहे.

यंदा उन्हाळा लागला तरी बाबांनी एकदाही तारीख विचारली नाही. काल मीच गाडी दारासमोर लावली, मागचं दार तीनदा उघडून दाखवलं, खुर्ची काढून दाखवली, आणि म्हटलं, "चला बाबा, परवा जाळं आहे."

त्यांनी दाराकडे पाहिलं, स्टेपनीवर हात ठेवून जोर देऊन पाहिला.

"पक्कं केलं तू," ते म्हणाले. "पण आता मी कायले येऊ? पानी तं शालिक टाकते."