मन्मथच्या गाडीचा टप अन् माझी शिडी

बायांनो, आज इतकी खूष हाय की चष्मा पुसून एका बोटानं हे लिहून राहिले.

आमच्या देवणीत टँकर आठ दिवसांनी येतो. शेजारच्या मन्मथच्या दारात बोअर हाय. पण घागर घेऊन गेलं की म्हणतो, "मावशे, बोअर आटला." माझ्या सुनेला सातवा महिना, तरी ती लांबून पाणी वाहते.

आज तोच माझी शिडी मागायला आला! उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा हाय, अन् ह्याला पांढरे कपडे घालून मोठ्या गाडीच्या टपावर उभं ऱ्हायचंय. टपावर कबुतरांची घाण, अन् तिथं ह्याचा हात पुरत न्हाई. शिडी माझ्या मालकांनी माळवदावर चढायला केलती, सागवानी हाय, ते जाऊ द्या.

मी म्हणलं, "टप कशानं धुतोस?"

"पाइप लावतो की."

"अन् बोअर तर आटलाय न्हवं?"

तोंड पडलं मेल्याचं. शिडी आडवी होती, मी तिच्यावरच बसले. "आधी गल्लीच्या घागरी भर." म्हातारी माजली म्हणला, लई तणतणला. पण मोर्चाची वेळ होत आलती. भरल्या सगळ्या.

मग शिडी दिली, अन् सोबत ओलं फडकं. पाइप लावू दिला न्हाई.

सून आज दुपारी निवांत झोपली. शिडी परत घरात आणलीय. कबुतरं काय, उद्या पण बसणारच, अन् शिडीसाठी हा परत माझ्याच दारात येणार.

तुमच्या गल्लीत कोण म्हणतं बोअर आटला? त्याचं तुमच्यावाचून काय अडतं, बघितलं का?