एकोणपन्नास किलोच्या आत

घरी कोणी आलं की आमचे हे, शेषराव, आधी पाण्याचा ग्लास हातात देतात, मग नाव विचारतात. तीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये, कोक ओव्हनवर म्हणजे कोळशाच्या भट्टीवर काढलेला माणूस. भट्टीच्या वर काम करणाऱ्याचं एका पाळीत दीड-दोन किलो वजन घामात जातं, आणि त्यानं मिठाचं पाणी प्यायलं नाही तर तो उभ्याचा आडवा होतो, हे त्यांना पाठ. नव्या पोरांना ते दम देऊन पाणी पाजायचे. प्लांटमध्ये त्यांचं नावच पडलं होतं, पानीवाले मामा. मला त्या नावाचा राग यायचा. इतकी वर्षं घाम गाळला आणि नाव काय मिळवलं, तर पाणक्याचं!

शेषराव कापगते मूळचे भंडाऱ्याकडच्या साकोलीचे, धानाच्या बांधीतून, भातशेतीतून आलेले. तरुणपणी वेटलिफ्टिंग करायचे. पदक एकच, तेही कांस्य, पण नजर अशी तयार झाली की सेक्टर ६ च्या बाजारात भाजी घेताना समोरच्या बाईचं वजन माझ्या कानात सांगायचे. "अठ्ठावन्न. पिशवी धरून साठ." मी चिमटा काढायची. पाळी सुटली की वेटलिफ्टिंगच्या हॉलवर जाऊन पोरींना फुकट शिकवायचे.

मी भिलाई-३ ची. वडील रेल्वेत गँगमन, भाऊही रेल्वेत. नोकरी म्हटली की मला रेल्वेच आठवते. आमची हर्षा तेराव्या वर्षी बापाच्या मागं हॉलवर गेली आणि तिनं पहिला बार उचलला. त्यात बापाला पोरीची ताकद दिसली. मला खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी दिसली. लपवून काय करू?

या खेळात मुली वजनाच्या गटात खेळतात. त्या वर्षी एक गट एकोणपन्नास किलोचा होता, त्याच्या वरचा पंचावन्नचा. हर्षा एकोणीस वर्षांची, वजन एक्कावन्न. वरच्या गटात कुम्हारीची निशा होती, तिच्यापुढे आमच्या पोरीचा निभाव लागणार नव्हता. खालच्या गटात मैदान मोकळं होतं. राज्यात पहिली आली की राष्ट्रीय स्पर्धा नक्की. शेषरावांनी ठरवलं, एकोणपन्नासमध्येच खेळायचं. तीन आठवडे पोरीचा भात बंद. भंडाऱ्याकडच्या घरात ताटात भात नाही म्हणजे काय, ते आमच्या लोकांनाच कळेल.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी काटा म्हणाला, एकोणपन्नास किलो नऊशे. वजन द्यायचं होतं दुपारी चार वाजता, रायपूरला. शेषरावांना सुटी मिळाली नव्हती, पहिली पाळी होती. निघताना त्यांनी पेटीतून भट्टीची आच लागू नये म्हणून घालायचा जुना चंदेरी कोट काढला. फाटला म्हणून टाकून दिलेला, त्यांनी जपून ठेवलेला.

"पाळीत दीड किलो जाते, तं घरात एक किलो कावून नाही जाणार?" ते म्हणाले. "एक घंटा घालून दोरीवर उड्या मारू दे. पाव-पाव घंट्यानं दोन घोट मिठाचं पाणी देजो. एका घंट्याच्या वर नाही. उतरलं तं उतरलं."

एप्रिलमधलं ऊन, बंद खोली आणि भट्टीचा कोट. ही चूक त्यांचीच. ती मी माफ करत नाही.

पण पुढचं माझं आहे.

तास झाला. काटा म्हणाला, एकोणपन्नास सहाशे. मला वाटलं, ही दोन-दोन घोट पिते तेच परत काट्यावर येतं. मी मिठाच्या पाण्यानं भरलेला गंज उचलून आत नेऊन ठेवला. कोट काढला नाही. साडेअकराला काटा एकोणपन्नास चारशेवर आला आणि तिथंच अडून बसला. तेवढ्यात प्लांटमधून शेषरावांचा फोन आला.

"किती?"

"चारशे वर हाय अजून."

"जाऊ दे मग. कोट काढ तिचा आन् पोटभर पाणी पाज. पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळवू. आयकून राहिली ना?"

"हो."

"काढला कोट?"

"काढला," मी म्हटलं. हर्षा माझ्यासमोर कोट घालून भिंतीला टेकली होती.

"पाणी देल्लं?"

"देल्लं न बाप्पा. ठेवा आता फोन."

हर्षानं विचारलं, "बाबा काय म्हणत होते?"

"म्हणत होते, अजून एक तास."

बाबा म्हणाले म्हणजे झालं, अशी पोरगी ती. उठली आणि दोरी घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, एक घोट." मी फडकं ओलं करून तिच्या ओठांवरून फिरवलं. मग तिचा घाम थांबला. कातडी कोरडी, कढत. कोक ओव्हनवाल्याची बायको आहे मी. घाम थांबला की माणूस पडतो, हे लग्न झाल्यापासून जेवताना ऐकलेलं. तरी मी फडकंच फिरवत राहिले. तो एक तास संपला तरी कोट काढला नाही. दीड वाजता काट्यावर अठ्ठेचाळीस नऊशे आलं, तेव्हा मी तो काढला आणि देवासमोर हात जोडले. लाज वाटते सांगायला, पण जोडले.

अडीचला शेषराव घरी आले. हर्षा डोळे मिटून पडली होती. आकडा ऐकून ते उडालेच. "पाणी पिऊन उतरलं?" मी म्हटलं, "हो, उतरलं. तिले उठवून विचारत बसू नका, चला." त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर न ठेवून कोणावर ठेवणार? शेजाऱ्यांच्या गाडीत, रायपूरच्या वाटेवरचं कुम्हारी ओलांडेपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. मला वाटलं, झोपली.

वजन भरलं, एकोणपन्नासच्या आत. मग तिनं पाणी प्यायलं, ते उलटलं. सरावाचा बार उचलायला वाकली ती तशीच खाली गेली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, किडन्यांवर आलं आहे. दोनदा रक्त धुवावं लागलं. तिसऱ्या दिवशी पोरगी नीट बोलायला लागली. शेषराव पायाशी बसले होते. ती त्यांच्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, मी पाणी मागत होती. तुमीच फोनवर आईले सांगितलं ना, अजून एक तास?"

शेषरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी चादरीची घडी घालत होते. एकदाच पाहिलं, मग पोरीकडं वळले.

"हो बाई," ते म्हणाले. "मीच सांगितलं."

हर्षा वाचली. पण भारी वजन पुन्हा उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. ती नागपूरला शिकायला गेली. मला रोज फोन करायची, बापाचं नावसुद्धा घ्यायची नाही. ते फोन घ्यायला गेले की ती कट करायची. नणंद तुळसाबाईंनी भर घरात त्यांना सुनावलं, "पोरीले मारूनच टाकत होता तू!" त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी आत पोळ्या लाटत होते. एकदा तर कशावरून तरी भांडण झालं तेव्हा मीच म्हणाले, "तुमच्या त्या कोटानं सगळं झालं." हॉलवर जाणं त्यांनी सोडलं. दोन वर्षांत आम्ही त्या फोनबद्दल एक शब्द बोललो नाही.

मागच्या महिन्यात ते रिटायर व्हायचे होते. प्लांटमधून हारतुरे घालून माणसाला घरी आणतात, सगळं घर दारात उभं असतं. मी हर्षाला फोन केला. ती म्हणाली, "मी नाही येणार." आणि माझ्यानं राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते काय म्हणाले होते, मी काय उत्तर दिलं, तिला काय सांगितलं. कोट कोणी ठेवला, पाणी कोणी लपवलं.

तिनं एवढंच विचारलं, "बाबाले माहीत आहे?"

"दवाखान्यापासून."

तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी मी शेषरावांना सांगितलं. वाटलं, आता तरी हलकं वाटेल यांना. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्यावर ते असे कधी ओरडले नव्हते.

"कावून सांगितलं? माझ्याशी बोलत नव्हती, तं तुझ्याशी तरी बोलत होती ना पोरगी! तिले एक तं माणूस असू द्या लागत होतं घरात!"

रिटायरमेंटला हर्षा आली. दारात बापाला ओवाळलं, त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी वाढलं ते जेवली. जाताना त्यांना "येते" म्हणाली, तुळसाबाईंना म्हणाली, शेजारणीलाही म्हणाली.

फोन आता रोज त्यांच्या मोबाईलवर येतो. बोलता बोलता ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "आई इथंच हाय, देऊ का?" मग थोडा वेळ ऐकतात, "बरं" म्हणतात आणि बाहेरच्या खोलीत जातात.