रोह्याचा व्हॉल्व हायफाँगच्या टेबलावर

रामवाडीला हायवेच्या कडेला आम्ही पनवेलच्या एसटीची वाट बघत उभे होतो. मी, आई आणि बाबा. बाबांचा सारा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला. माझं जाणं त्यांना कळतच नव्हतं.

"रोह्याची कंपनी बंद पडली, तर पेणला बघ, नागोठण्याला बघ. ते विएतनाम कशाला गो?"

"बाबा, आपल्याकडं येणारे स्वस्तातले व्हॉल्व तिथंच बनतात."

बाबांनी माझी बॅग खाली ठेवली. "म्हंजे ज्यांनी तुमची कंपनी बंद पाडली, त्यांच्याकडंच चाललीस?"

तेवढ्यात एसटी आली.

तुमच्यापैकी जे रोह्याजवळच्या धाटावच्या त्या शेडमध्ये होते, त्यांना आठवत असेल. केमिकल कारखान्यांना लागणारे स्टीलचे व्हॉल्व आपण बनवायचो आणि मी टेस्टिंगला होते. व्हॉल्वमध्ये दाबाची हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आणि एक जरी बुडबुडा वर आला तरी माल परत. शेवटच्या दिवशी शेठनी आपल्याला समोर बसवून सगळं सांगितलं. परदेशातून तयार व्हॉल्व आला तर त्यावर ड्युटी, म्हणजे आयातकर, नाही. तोच इथं बनवायला त्यांनी बाहेरून स्टील मागवलं तर ड्युटी. सरकारनं कर कमी केला तो कंपन्यांचा. आपली कंपनी कागदावर मात्र जुनी भागीदारी, तिला तो लागू नाही. शेड वाढवायची परवानगी तर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच राहिली. "माल आपला वाईट नव्हता रे," एवढं बोलून ते उठले.

विएतनामात हायफाँगच्या व्हॉल्व कारखान्यात कामाला आले ती मनात राग घेऊनच. पहिल्याच महिन्यात आमच्याकडे नवी टेस्टिंग लाइन बसली. अर्ज, तपासणी, मंजुरी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. नव्या कारखान्याला इथं सुरुवातीची काही वर्षं कर माफ असतो, हेही कळलं. कामगार आपल्यासारखेच, हात आपल्याहून जलद नव्हेत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला हेवा वाटला आणि, खरं सांगते, फार हुरूपही आला. म्हणजे आपण काही कमी नव्हतो!

मग गेल्या वर्षी आमची मॅनेजर लान हिनं मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीला दुसऱ्या देशातही एक पुरवठादार हवा होता. "तुमच्या गावाकडे हे कुणी करू शकेल?" तिनं विचारलं. मी विचार न करता "हो" म्हटलं आणि बाहेर येऊन संतोषला फोन लावला.

संतोष रोह्याजवळच्या वरशाचा, आमच्या शेडमधला सगळ्यात पक्का फिटर. कंपनी बंद झाल्यावर रिक्षा चालवत होता.

"ताई, मस्करी नको हां," तो म्हणाला.

"मस्करी नाय. तिघं-चौघं मिळून तीच शेड भाड्यानं घ्या. पण भागीदारी नको, रीतसर कंपनी काढा, कर कमी बसेल. आणि परवानगीचा अर्ज आजच टाका, आता ऑनलाइन झालाय."

दोन महिन्यांनी त्यांचे नमुने कुरिअरनं आले. खोक्यावर 'रोहा' वाचलं आणि मला भर कारखान्यात नाचावंसं वाटलं. लान शेजारी उभी असताना मी पहिला व्हॉल्व पाण्यात सोडला.

बुडबुडा आला. बारीकसा, पण आला.

लाननं माझ्याकडे बघितलं. एवढ्याशा गळतीवर ती कदाचित काही बोललीही नसती. मी फॉर्मवर 'नापास' लिहिलं आणि संतोषला फोन केला. तो चिडला. "आपल्याच मानसांना नापास करतेस?"

"आपलीच म्हणून. इथल्या मालाला जो नियम, तोच तुम्हाला. नायतर पुन्हा शेड बंद होईल."

आठ दिवस त्याचा फोन नाही. मग दुसरं खोकं आलं. या वेळी टाकीतलं पाणी हललंसुद्धा नाही. एक झाला, दुसरा झाला, सगळे पास! लाननं टाळ्या वाजवल्या आणि मी तिला चक्क मिठी मारली. ऑर्डरचा माल काढायला शेड चालवायची परवानगी अजून यायची होती, तिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता. एका सकाळी संतोष फोनवर ओरडलाच, "आली, आली! परवानगी आली, एकही चक्कर न मारता!" मागून जुन्या मंडळींचा गलका ऐकू येत होता.

सगळं सुधारलं असं नाही. स्टीलवरची ड्युटी अजून आहे आणि संतोष तिच्या नावानं रोज बोटं मोडतो. पण पहिली ऑर्डर लागली आहे, आणि टेस्टिंग शिकवायला कंपनी मला सहा महिने रोह्याला पाठवते आहे.

तुम्ही जे तिथं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, तुम्हाला हे सांगायचं होतं. पूर्वी घर म्हटलं की जे सुटलं तेच आठवायचं. आता घर म्हणजे जिथल्या कामाकडून मी सगळ्यात जास्त अपेक्षा करते ती जागा. काल फोनवर बाबांना येण्याची तारीख सांगितली.

"ऱ्हायला येतेस का कामाला?" त्यांनी विचारलं.

"कामाला, बाबा."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि आईला हाका मारत सुटले.